सुप्रभात सोसायटीतली दारफाळणी

माणूस जिवंत असताना त्याच्याच दाराबाहेर उभं राहून लोक त्याच्याविषयी भूतकाळात बोलू लागले, तर आतल्या माणसाने काय करावं, हे आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात कुठेही दिलेलं नाही. मी नंतर ते पुन्हा सगळं चाळून पाहिलं. उपासाचे नियम आहेत, दिव्याचे आहेत, पायांत चामड्याच्या चपला नकोत इथपर्यंत सगळं आहे. पण 'बाई स्वभावाने गरीब होती हो' हे वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर काय म्हणायचं, त्याबद्दल एक ओळ नाही. मला त्या दिवशी जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. 

मी दीना झिराडकर. मुलुंड पूर्वेला सुप्रभात सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज अलिबागेकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हे सगळं मी सोसायटीत नव्याने राहायला आले तेव्हा एकेकाला समजावून सांगितलं होतं. पण माझा आवाज मुळात बारीक, त्यातून समोरचा माणूस पंचवीस डिसेंबरला केकचा डबा पुढे धरून 'मेरी ख्रिसमस काकू' म्हणत हसत उभा. किती वेळा समजावणार? आमची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, मशीद म्हणायची, असं एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, तेव्हापासून ईदच्याही शुभेच्छा मिळतात. मी सगळ्यांना 'तुम्हालाही' म्हणते. अलीकडे टीव्हीवर इस्रायलच्या बातम्या लागल्या की लिफ्टमध्ये मला 'तुमच्याकडे काय चाललंय?' असंही विचारतात. आमच्याकडे म्हणजे मुलुंडला, तेव्हा मी नळाला पाणी कमी येतंय म्हणून सांगते.

माझे नेम साधे आहेत. सकाळी तोंडात पाणी घेण्याआधी प्रार्थना, रात्री निजण्याआधी प्रार्थना, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवे, शनिवारी विस्तव नाही आणि बटण नाही. याखेरीज मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अशी माझी त्या दिवसापर्यंत समजूत होती.

यंदा पावसाळ्यात ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. ह्यांचं नाव एलिझर. हॉस्पिटलात नेलं, नळी घातली, स्टेंट बसवले. मी बाहेर बाकावर बसून एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोलले. आमच्यात नवस बोलायचा तो त्यालाच. हे सुखरूप घरी आले तर यंदाची दारफाळणी मी आजीच्या पद्धतीने पाळीन, असं म्हटलं.

दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, वर्षभराच्या पापांची क्षमा मागण्याचा दिवस. एरवी आम्ही आदल्या दिवशीच ठाण्याला माझ्या दिरांकडे जातो आणि सबंध दिवस सिनेगॉगमध्ये काढतो, कारण त्या दिवशी वाहनात बसायचं नाही. पण यंदा डॉक्टरांनी ह्यांना गर्दी नको म्हणून बजावलं होतं. अलिबागेकडच्या झिराड गावात माझ्या आजीच्या लहानपणी सिनेगॉग नव्हताच. तेव्हा संध्याकाळी पांढरी वस्त्रं नेसून घराचं दार लावायचे, ते दुसऱ्या दिवशी आभाळात तीन तारे दिसले की उघडायचे. मधल्या वेळात अन्न नाही, पाणी नाही आणि बाहेरच्या माणसाशी एक शब्द नाही. ताऱ्यांच्या आधी दार उघडलं किंवा माझ्या तोंडून बाहेरच्यांसाठी शब्द गेला, तर माझा नवस मोडणार होता. आणि नवस मोडला तर तो कुणाच्या छातीवर येणार, याचा विचार मी करतच नव्हते असं नाही.

आता सांगा, यात अवघड काय आहे? दार लावायचं आणि उघडायचं नाही. आयुष्यात इतकं सोपं काम माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

अडचण आधीच्या दिवसांत आहे. देवाच्या बाबतीत काही चुकलं असेल तर देव क्षमा करतो. पण माणसाच्या बाबतीत चुकलं असेल तर त्या माणसाकडेच जाऊन मागावी लागते, देव मध्ये पडत नाही. ठाण्याला असले की आम्ही दिराजावांना, नातेवाइकांना विचारतो, तेही आम्हाला विचारतात, दोन्हीकडून 'अहो काहीतरीच' होतं आणि विषय संपतो. यंदा आजूबाजूला सगळे शेजारीच, म्हणून मी आमच्या विंगमध्ये एक छोटी फेरी मारायचं ठरवलं.

पहिली कमल सावंत. आमच्या शेजारची, मालवणकडची, आमच्या घराची जादा किल्ली जिच्याकडे असते ती. मी दारातच म्हटलं, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर. ती म्हणाली, "माफी कसली मागतस गो बाय? माका काय परकी समाजतस?" मी उठले. तेवढ्यात तिने मला हाताला धरून खाली बसवलं. आता विषय निघालाच आहे तर, म्हणे, एक गोष्ट मनात आहे. इतक्या वर्षांत मी तिच्या हातच्या तिसऱ्या एकदाही चाखल्या नाहीत. आमच्यात शिंपल्यातलं चालत नाही हे तिला माहीत आहे, तरीपण. मी काय त्यात इख घालतंय, असं तिने विचारलं. मग तिसऱ्यांवरून कोलंबीवर आली, कोलंबीवरून कुर्ल्यांवर. तिने मला क्षमा केली, पण जेवायची वेळ झाली होती. निघताना मी तिच्याकडून जादा किल्ली मागून घेतली, चुकून कुणी दार उघडायला नको म्हणून. तिचा चेहरा पडला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसरी दर्शना वानखडे. ही आमच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावर. महापालिकेच्या हॉस्पिटलात परिचारिका आहे, हुशार मुलगी. तिने मी क्षमा मागितल्याबरोबर टीव्ही बंद केला, माझी नाडी धरली आणि झोप लागते का म्हणून विचारलं. मी म्हटलं, लागते. भूक? म्हटलं, उद्या काही खाणार नाही. काका कसे आहेत? म्हटलं, ते दिवसभर पडून असतात, आता काय, देवाच्या हातात. हे आपण रोज बोलतो हो. पण तिने माझा हात सोडला नाही. "काकू, मनात काही आलं ना, तर बोलायचं असतं. कुणाशीही. मला रात्री दोनला उठवा, चालेल." मी तिला आश्वासन दिलं की उद्या मी कुणाशीच बोलणार नाहीये, काळजी करू नकोस.

तिसरे मोरेसाहेब. अंबादास मोरे, सोसायटीचे सेक्रेटरी, सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यांच्याकडून तर मला मुळीच अपेक्षा नव्हती, कारण त्यांची आणि माझी नमस्कारापलीकडे ओळख नाही. मी क्षमा मागताच ते म्हणाले, बरं झालं तुम्हीच विषय काढलात.

मी शनिवारी लिफ्टचं बटण दाबत नाही. कुणी येईपर्यंत उभी राहते, आणि कुणी आलं की त्यांच्याबरोबर वर जाते. याला मी संयम समजत होते. मोरेसाहेबांकडे याबद्दल तक्रारी होत्या. पार्सल घेऊन आलेल्या एका मुलाला म्हणे मी जिन्याखालच्या अंधारात लिफ्टसमोर पदर घेऊन उभी दिसले. त्याने 'कुठला मजला' विचारल्यावर मी नुसती हसले आणि तीन बोटं दाखवली. तो पार्सल तिथेच टाकून गेला. शिवाय माझ्या बारीक आवाजामुळे सर्वसाधारण सभेत मी कशाला संमती दिली आणि कशाला नाही, हे इतिवृत्तात नीट लिहिता येत नाही. शिवाय तुळशीच्या कुंडीचं पाणी. तुळस माझी नव्हतीच, कमलची होती. पण क्षमा मागायला गेलेल्या माणसाने हुज्जत घालू नये म्हणून मी तुळससुद्धा अंगावर घेतली.

एवढं ऐकवून झाल्यावर ते म्हणाले, माफी लेखी द्या. तोंडी माफीला आधार राहत नाही.

तुम्ही हसाल, पण मी घरी येऊन खरोखर अर्ज लिहिला. विषय, क्षमा मिळणेबाबत. महोदय, आमच्या हातून जाणता-अजाणता जे काही घडले असेल त्याबद्दल सर्व सभासदांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. उद्या सूर्यास्तापासून आमचे दार बंद राहील, ते आमच्या सणानुसार परवा तारे दिसल्यावर उघडेल, मध्ये कृपया बेल वाजवू नये. आपली नम्र. मोरेसाहेबांनी पहिल्या वाक्यापर्यंत वाचून शिक्का मारला आणि फाइलला लावला. पूर्ण वाचायची सवय त्यांच्या कचेरीत नसावी.

संध्याकाळी दारफाळणी लागायची त्या दिवशी दुपारी मी फ्रिज रिकामा केला. शिजवलेलं नजरेसमोर नको, म्हणून कोथिंबिरीच्या वड्या, डाळ, दही, सगळं कमलकडे पोचवलं. दूधवाल्याला नको सांगितलं. ठेवणीतली पांढरी साडी धुऊन बाल्कनीत वाळत घातली, शेजारी ह्यांचा पांढरा झब्बा-लेंगा. फोन बंद करून कपाटात ठेवले. मनाला इतकं हलकं वाटत होतं. कमल जिन्यात भेटली, तिच्याकडे मी नेहमीपेक्षा जास्त वेळ हसून पाहिलं, असं ती नंतर म्हणाली.

सूर्य टेकला. आमच्या गेलेल्यांच्या नावाने तेलाचा दिवा लावला आणि दाराला कडी घातली.

रात्र फार सुंदर गेली. सकाळही. ह्यांना डॉक्टरांनी आणि आमच्या धर्मानेही उपास मना केलेला आहे, जीव आधी. त्यामुळे त्यांनी गोळ्यांबरोबर नुसते भिजवलेले पोहे खाल्ले. मी त्यांच्याकडे पाठ करून प्रार्थना म्हणत होते. पोह्यांवर लिंबू पिळल्याचं तरी मला कळलंच. मग ते आतल्या खोलीत झोपले. कानातलं मशीन ते सणाच्या दिवशी लावत नाहीत, म्हणजे त्यांच्या दृष्टीने जगात संपूर्ण शांतता होती.

दुपारी बेल वाजली. मी हलले नाही. पुन्हा वाजली. मग दर्शनाचा आवाज आला, "काकू, आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी पडतंय, जरा बघता का?" आमची जुनी पाइपलाइन, गळणारच. पण नेमका तो दिवस. मी देवाला म्हटलं, पाइपची क्षमा मी मागितलीच नव्हती, ते खरंच राहून गेलं.

दर्शना गेली. मला हायसं वाटलं. थोड्या वेळाने बाहेर दोन माणसांचे आवाज, मग चार. कमल म्हणत होती की पाणी तांबडं आहे. दर्शना म्हणाली, मावशी, गंज आहे तो. कमल म्हणाली, गंज असंदे, पण तांबडां कित्या?  आणि मग कमलने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली: किल्ली परत घेतली, फ्रिज रिकामा केला, पांढरी साडी. दर्शना म्हणाली, माझ्याकडेही आल्या होत्या. म्हणाल्या, उद्या काही खाणार नाही, कुणाशी बोलणार नाही, सगळं देवाच्या हातात. खालून मोरेसाहेब फाइल घेऊन आले आणि म्हणाले, माझ्याकडे तर लेखी आहे.

मी दाराच्या आत उभी.  तुमच्या ध्यानात येतंय ना काय झालं ते? मला ध्यानात यायला वेळ लागला. आपल्याविषयी कुणी असं काही मनात आणू शकेल ही कल्पनाच मला शिवली नव्हती. मी, जी रोज उठून जिवंत ठेवल्याबद्दल देवाचे आभार मानते!

त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. आमचे दोन्ही बंद. मग माझी मुलगी, इस्रायलमध्ये अश्दोदला असते, तिचा बंद. साहजिकच आहे, तिथे सगळा देशच बंद होता. दिरांचा बंद. जावेचा बंद. मी अडीअडचणीला म्हणून कमलला दिलेला एकेक नंबर त्या दिवशी बंद होता. "सगळ्या खानदानाचेच फोन बंद आहेत," असं मोरेसाहेब म्हणाले.

तेव्हा मला वाटलं, आपण जिवंत असल्याचं काहीतरी त्यांना कळवावं. शब्द बाहेरच्यांशी बोलायचा नव्हता. पण देवाशी बोलायला बंदी नाही. मी प्रार्थनेचं पुस्तक उघडून दाराला तोंड लावून मोठ्याने म्हणायला लागले. मोठ्याने म्हणजे माझ्या मानाने. घसा सकाळपासून कोरडा. बाहेर कमलने सगळ्यांना गप्प केलं, कान लावला, आणि म्हणाली, "आतून कण्हल्यासारखां येतां."

पोलीस आले. एक शिपाई आणि एक हवालदार. हवालदाराने माहिती लिहून घेतली. नाव, वय. जात-धर्म काय? कुणी म्हणालं ख्रिश्चन, कुणी म्हणालं बोहरी. माझ्या इतक्या वर्षांच्या शेजाऱ्यांनी माझं दारातच मतदान घेतलं हो. शेवटी कमलने सांगितलं की ती ज्यू आहे, मुलगी इस्रायलला असते. यावर हवालदार दारापासून दोन पावलं मागे सरकला असावा, कारण त्याचा आवाज लांबून यायला लागला. मॅटर सेन्सिटिव्ह आहे साहेब, असं तो फोनवर म्हणत होता. मग खाली गाड्यांच्या जागेतून सगळ्यांनी आपापल्या स्कूटर काढायचा हुकूम झाला. मुलुंडमधल्या एका पासष्टीच्या बाईने उपास धरला, तर स्कूटर हलवाव्या लागतात, असा आता काळ आहे.

अग्निशमन दलाचे लोक आले तेव्हा सूर्य अजून समोरच्या टॉवरच्या वर होता. त्यांचा अधिकारी म्हणाला, दार तोडायला घरमालकाची लेखी संमती लागते. मोरेसाहेब म्हणाले, मालक आत आहेत. अधिकारी म्हणाला, मग त्यांच्याकडून घ्या. पुष्कळ वेळ हे चाललं. तेवढ्या वेळात बाकीचे माझ्याविषयी बोलत होते. 'होती', 'होती', 'होती'. कुणाला कधी दुखवलं नाही. आवाज कधी ऐकला नाही. लिफ्टपाशी उभी असायची बिचारी. मोरेसाहेब म्हणाले, सोसायटीची थकबाकी कधी ठेवली नाही, आणि त्यांनी नाक शिंकरलं. परवापर्यंत तक्रारी होत्या माझ्या.

मी कडीवर हात ठेवला. खरं सांगते, ठेवला. एक कडी काढली की सगळं थांबलं असतं. तेवढ्यात आतून ह्यांच्या घोरण्याचा आवाज आला, संथ, नीट, एका लयीत. हॉस्पिटलातल्या त्या रात्री मला ह्यांचा श्वास ऐकू येत नव्हता, मधे काचेचं दार होतं. मी हात काढून घेतला.

दार कसं तोडतात ते मी पाहिलेलं नव्हतं. आधी बाहेरची जाळी कापली, मग लाकडाला काहीतरी लोखंडी घातलं, आणि आमचं सागवानी दार, लग्नानंतर घेतलेलं, कडीसकट माझ्या बाजूला आलं. मी पांढऱ्या साडीत, हातात पुस्तक, मागे दिवा तेवतोय. कमलने मला पाहिलं आणि किंचाळली. त्याच वेळी आतल्या खोलीचं दार उघडून हे बाहेर आले, पांढऱ्या झब्ब्यात, केस विस्कटलेले, आणि म्हणाले, "तारे दिसले का?" कमल पुन्हा किंचाळली.

दर्शनाने मला धरलं. काकू, काय घेतलंत? काय खाल्लंत? मी मान हलवून 'काही नाही' सांगितलं. बोला ना, म्हणाली. मी तोंडावर बोट ठेवलं. लिहून देता का, म्हणून मोरेसाहेबांनी पेन पुढे केलं; त्या दिवशी लिहायचंही नसतं. शेवटी काहीच सुचेना तेव्हा मी वर बोट दाखवलं, आभाळाकडे, ताऱ्यांसाठी. त्यावर कमल रडायलाच लागली.

ह्यांना काही ऐकू येत नव्हतं, पण घरात अग्निशमन दल आहे इतकं दिसत होतं. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने ते म्हणाले, "आमचा उपास आहे आज. तारे दिसले की दार उघडतो. काही जळतंय का?"

 मोरेसाहेबांनी फाइल उघडली आणि माझा अर्ज पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग अधिकाऱ्याला दाखवला, अधिकाऱ्याने हवालदाराला. एकेक जण वाचून जमिनीकडे पाहत होता. एखादा दुखवट्याला येऊन जसा घुटमळतो तसे सगळे घुटमळत होते, फक्त मी बसलेली होते.

मला मात्र त्यांचं काही दिसत नव्हतं. मला दिसत होती दाराची मोकळी चौकट आणि तिच्यातून आत आलेलं ऊन. तारे नव्हते, ऊन होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. हे शेजारी बसून म्हणाले, अगं, तू कुठे उघडलंस? त्यांनी उघडलं. पण नवसाला असं चालतं का, मला ठाऊक नव्हतं. कमलने ह्यांच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, ती रडते कशाला? ह्यांनी सांगितलं, मी हॉस्पिटलातून आलो म्हणून नवस होता तिचा. दार ताऱ्यांपर्यंत बंद ठेवायचा.

कमलने पदराने तोंड पुसलं. "नवस आसा? मगे आधी सांगूक नको?" सण म्हटला की तिला काही कळत नाही, कोणाचा कुठला, पण नवस तिला कळतो. ती सरळ आपल्या घरात गेली आणि मोठ्या गुलाबांची डबल बेडची चादर घेऊन आली. अग्निशमनवाल्यांकडून खिळे घेतले, त्यांच्याच माणसाकडून चौकटीला ठोकून घेतले, सगळ्यांना बाहेर काढलं आणि चादर सोडली. पलीकडून तिचा आवाज आला, "दार लागलां. आता कोनी बोलूचां नाय."

आणि कुणी बोललं नाही. आमच्या सोसायटीत हे लिहून ठेवण्यासारखं आहे. जिन्यावर सगळे बसलेले मला चादरीखालून दिसत होते, म्हणजे पावलं दिसत होती. कुणीतरी भाजी घेऊन आलं, त्याला खुणेने मागच्या मागे पाठवलं. कुणाचातरी फोन वाजला, तो बंद करायला तीन हात धावले. हवालदारही थांबला होता; पंचनामा अर्धा राहिला होता म्हणा, किंवा काय म्हणा. मी आत उरलेल्या प्रार्थना म्हणत होते.

ऊन भिंतीवरून गेलं. मोरेसाहेब तारे मोजायला गच्चीवर गेले आणि तिथून निरोप जिन्याने कुजबुजत खाली यायला लागले. एक दिसला. थोड्या वेळाने, तो हलतोय, विमान आहे, रद्द. मग पुन्हा एक, स्थिर. त्यावर दर्शना पुटपुटली की ग्रह असेल तर चालतो का? कमल म्हणाली, ग्रह नको, काही खोट राहूक नको. मग दुसरा. मग समोरच्या बांधकामाच्या क्रेनचा लाल दिवा, तो फेटाळला.

आता मी तुम्हाला सांगते, आमच्या कॅलेंडरमध्ये तारे दिसायची वेळ छापलेली असते, आणि ती केव्हाच होऊन गेली होती. उपास सोडायचं काळ्या मनुकांचं सरबत घरात तांब्यात तयार होतं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. कॅलेंडरप्रमाणे मी मोकळी होते. पण हे बाहेर सांगणार कसं? पलीकडे बसलेल्या माणसांनी आता नवस स्वतःकडे घेतला होता, आणि ती माझ्यापेक्षा कडक निघाली. मोरेसाहेबांनी आणखी एक ठिपका ढगाआड गेल्यावर पुरेशी खात्री पटत नाही, असं कळवलं. इतकी भूक मला दिवसभर लागली नव्हती. मी चादरीकडे तोंड करून उभी राहिले, ह्यांचा हात धरून.

मग वरून पावलं धावत खाली आली. तिसरा. स्थिर. दोघांनी पाहिलेला. जिन्यावर सगळे उभे राहिल्याचं मला पावलांवरून कळलं. कुणीतरी चादरीवर बोटाने वाजवून पाहिलं असावं, कारण गुलाब हलले, पण आवाज काही झाला नाही.  मग मोरेसाहेबांनी घसा साफ केला आणि अगदी कचेरीतल्या आवाजात, तोंडाने म्हटलं, "टक टक."

आदल्या संध्याकाळपासून मी बाहेरच्यांशी एक शब्द बोलले नव्हते. आवाज फुटेल की नाही याची मला शंका होती, पण फुटला, आणि माझ्या मानाने बराच मोठा.

"कोण?" मी विचारलं.

पलीकडे कुजबुज झाली, उत्तर कुणी द्यायचं यावर बहुतेक. मग सगळे एकदमच म्हणाले, "आम्ही."

मी चादर बाजूला केली.